इस्राएल आणि मंडळी: सगळे ख्रिस्ती एकच मानतात?

अचलपूर-परतवाड्याकडच्या प्रार्थनासभांच्या ग्रुपवर एक मेसेज नेहमी फिरतो: देवाची इस्राएलसाठी (म्हणजे ज्यू लोकांसाठी) योजना वेगळी, मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी, ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी) वेगळी, आणि ख्रिस्ती लोक पहिल्यापासून हेच मानत आले.

शेवटचा भाग चुकीचा आहे. दोन वेगळ्या योजनांची ही पद्धतशीर मांडणी १९व्या शतकात ब्रिटन-आयर्लंडमध्ये आकाराला आली. त्याआधी कित्येक शतकं बहुतेक मंडळ्या स्वतःलाच देवाची प्रजा, म्हणजे नवं इस्राएल समजत.

पडताळायचं तर बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा ११वा अध्याय काढा. वचन १७ मध्ये रानटी जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) फांदीचं, म्हणजे ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांचं, कलम मूळ झाडावर, म्हणजे देवाच्या प्रजेवर केलं जातं. संत्र्याची कलमं बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘झाड एकच’ म्हणणारे यावर बोट ठेवतात. दोन योजनावाले वचन २६ मधल्या ‘सर्व इस्राएल’वर. अध्याय मात्र दोघांचा एकच.