नाडकर्णी, बापू
पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम, पण ते सगळ्यांना माहीत बापू म्हणूनच. डावखुरे स्पिनर, बॅटिंगही डावखुरी. जन्म नाशिकचा, 4 एप्रिल 1933. क्रिकेट बहरलं ते पुण्या-मुंबईत, आधी महाराष्ट्राकडून रणजी आणि मग मुंबईकडून, त्यामुळे तिन्ही गावं त्यांच्यावर हक्क सांगतात. इथे जन्मगाव म्हणून नाशिक धरलंय.

1955 ला दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध पहिली टेस्ट. एकूण 41 टेस्ट, 88 विकेट, ओव्हरमागे जेमतेम 1.67 रन.

नाव निघतं ते 12 जानेवारी 1964 च्या मद्रास टेस्टमुळे. समोर इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन, आणि बापूंच्या सलग 21 ओव्हर मेडन, म्हणजे एकही रन न दिलेल्या! डावाचा हिशोब 32 ओव्हर, 27 मेडन, 5 रन, विकेट शून्य. स्पेल (एका दमात टाकलेल्या ओव्हर) असे: 3 ओव्हर 0 रन, 7 ओव्हर 2 रन, 19 ओव्हर 1 रन, 3 ओव्हर 2 रन. आता रेकॉर्ड नेमका कुणाचा यावर लोक भांडतात, कारण दक्षिण आफ्रिकेच्या टेफील्डने 1957 मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्धच सलग 137 बॉल एकही रन दिला नव्हता आणि बापूंचे भरतात 131. पण तिकडे तेव्हा ओव्हर आठ बॉलची, म्हणजे मेडन 16 च, इकडे सहाची म्हणून 21. बॉल मोजले तर टेफील्ड पुढे, ओव्हर मोजल्या तर बापू. सलग मेडन ओव्हरचा मान बापूंचा, हेच म्हणणं जास्त पटतं, फक्त 131 हा आकडा वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून लिहू नये.

नेटमध्ये सराव करताना गुड लेंथवर, म्हणजे बॅट्समनला अडचणीच्या टप्प्यावर, नाणं ठेवून त्यावरच बॉल पाडत राहायचे असं सांगतात. टप्पा तसा होता खरा, तरी नुसते रन अडवणारे बोलर म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच वर्षी त्याच मद्रासला ऑस्ट्रेलियाच्या 11 विकेट काढल्यात, 31 रनमध्ये 5 आणि 91 मध्ये 6. 1968 ला वेलिंग्टनला 43 रनमध्ये 6, भारताच्या परदेशातल्या पहिल्याच सिरीज विजयात. बॅटिंगमध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद 122, मुंबईसाठी नाबाद 283.

निधन मुंबईत, 17 जानेवारी 2020. नाशिकचाच सत्यजित बच्छाव हाही डावखुरा स्पिनर, तोही महाराष्ट्राकडून रणजी खेळलाय.