मोटर आयई३ची, तरी बिल चढेच?

जुनी मोटर काढून वरच्या वर्गाची बसवली की विजेचे बिल आपोआप उतरते, असा अनेक कारखान्यांत समज आहे. तो पुष्कळसा खरा आहे, पण पंख्यांच्या बाबतीत एक गोम आहे.

आयई१ ते आयई४ हे मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग (आकडा जितका मोठा तितकी कार्यक्षमता जास्त) आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेले असून भारताच्या आयएस १२६१५ या मानकातही असे वर्ग आहेत. साडेसात किलोवॅटच्या चार ध्रुवांच्या मोटरची किमान कार्यक्षमता आयई२ वर्गात ८८.७ टक्के आणि आयई३ वर्गात ९०.४ टक्के असावी लागते. फरक किरकोळ वाटतो. पण पूर्ण भारावर वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या मोटरमागे तो सुमारे ९५० युनिटांचा होतो.

ही बचत येते कुठून? पातळ पत्र्यांच्या गाभ्यातून, जास्त तांब्यातून आणि रोटरमधून, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागातून. ५० हर्ट्झवर चार ध्रुवांचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. हे मागे राहणे, म्हणजे स्लिप, टाळता येत नाही, कारण रोटर क्षेत्राच्याच वेगाने फिरला तर त्याच्या सळ्यांत प्रवाहच निर्माण होणार नाही. रोटर १,४४० फेऱ्यांवर असेल तर स्लिप चार टक्के, आणि हवेची फट ओलांडून रोटरकडे आलेल्या शक्तीपैकी नेमके तितकेच टक्के सळ्या तापवण्यात जातात. सळ्यांचा रोध कमी केला की स्लिप घटते, उष्णता घटते आणि मोटर थोडी वेगाने फिरते.

गोम इथेच आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, आयई२ मोटर १,४४० फेऱ्यांवर पंख्याला साडेसात किलोवॅट देत होती आणि नवी आयई३ मोटर १,४६० फेऱ्यांवर चालली, तर पंखा ७.८२ किलोवॅट मागेल. मोटर विजेच्या तारेतून पूर्वी ८.४६ किलोवॅट ओढत होती, ती आता ८.६५ ओढेल. हवा अधिक मिळेल हे खरे, पण ती कोणी मागितलेली नसते.

‘वीज वाचवणाऱ्या’ जादूच्या डब्या विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. रोटरच्या सळ्यांत जळणारी शक्ती अशा डब्यांतून बाहेरून लावलेल्या कपॅसिटरला परत आणता येत नाही. त्यापेक्षा दोन्ही मोटरींच्या नेमप्लेटवरचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) ताडून पाहावेत आणि पंखा पट्ट्यावर चालत असेल तर मोटरकडची पुली सुमारे दीड टक्क्याने लहान घ्यावी.