पार्श्वभूमी : चित्र विकत घ्यायचं, ते कुणाच्या नजरेने?

जहांगीर आर्ट गॅलरीत पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "ही सगळी चित्रं गॅलरीने विकत घेतलीत का हो?" नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिलेली ही गॅलरी चित्रकाराला दालन भाड्याने देते. कुणाला द्यायचं ते निवड समिती ठरवते, आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. खासगी गॅलऱ्याही बरीचशी चित्रं नुसती ठेवून घेतात. खपलं की कमिशन कापून उरलेले पैसे चित्रकाराला. चित्राशेजारी लाल टिकली दिसली की समजायचं, गिऱ्हाईक मिळालं.

मग स्वतःच्या संग्रहासाठी पदरचे पैसे कोण घालत होतं? आपल्याकडे आधी संस्थानिक. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत जे मनाला भावलं ते त्यांनी जमवलं, आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यासाठी संग्रहालय बांधलं. राजाला आवडलं, एवढा निकष पुरेसा होता.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी आला एक शास्त्रज्ञ. होमी भाभा, तेही चित्रकार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी चित्रं घ्यायला सुरुवात केली ती १९५०च्या दशकात. हुसेन, आरा, रझा, गायतोंडे या चित्रकारांना तेव्हा गिऱ्हाईक मिळणंच मुश्कील होतं. प्रदर्शन लोकांना खुलं व्हायच्या आत भाभा येऊन चित्रं हेरून जात, असं सांगतात. संस्थेच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी वापरायला त्यांनी नेहरूंकडून होकार मिळवला होता. कुलाब्याच्या नव्या इमारतीतल्या मोठ्या भिंतीसाठी मात्र त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही, चित्रकारांकडून आराखडे मागवले. त्यात हुसेन यांचा पसंत पडला. 'भारत भाग्य विधाता' हे भित्तिचित्र आजही तिथे आहे. शास्त्रज्ञ चहाचा कप हातात घेऊन गायतोंडेंच्या चित्रासमोरून रोज जातात, ही गंमत मला फार आवडते.

एअर इंडियाचा खाक्या वेगळा. तिला जगभरातल्या बुकिंग ऑफिसांच्या भिंती सजवायच्या होत्या, त्यामुळे 'भारत' दिसला पाहिजे ही अट आपोआप आली. काही चित्रकारांना मोबदला विमानाच्या तिकिटांत मिळाला. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने तर १९६७ साली एअर इंडियासाठी केलेल्या अॅशट्रेच्या बदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि ते त्याला पोचतं झालं!

सरकारी खरेदी या सगळ्यापेक्षा संथ. दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं, तेव्हा संग्रहाचा कणा होती अमृता शेरगिल यांची चित्रं. पुढची खरेदी समितीमार्फत. सरकारी पैसा म्हटल्यावर हिशेब द्यावा लागतो, एकट्याच्या आवडीवर भागत नाही. चित्रकाराचं स्थान, संग्रहातली उणीव, किंमत वाजवी आहे की नाही, चित्र अस्सल आहे की नाही, सगळं बघायचं. यात लबाडीला आळा बसतो हे खरं. पण ज्याला अजून कुणी ओळखत नाही अशा पोरावर समिती सहसा पैसे लावत नाही. भाभांनी लावले होते.

एअर इंडियाचं खासगीकरण झाल्यावर तिचा तो संग्रह शेवटी याच राष्ट्रीय संग्रहालयाकडे आला.