लिनक्स सुरू होता होता अडकलं तर
आमच्याकडून उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधीच व्हॉट्सअॅपवर एखादा फोटो येऊन पडलेला असतो. काळा स्क्रीन, मधोमध लोगो आणि खाली प्रश्न: "पुढे जातच नाही, डेटा गेला का?" बहुतेक वेळा डेटा जिथल्या तिथे असतो. मशीन फक्त एका पायरीवर थांबलेलं असतं. ती पायरी कोणती हे कळलं की अर्धं काम झालं. म्हणून पहिली विनंती अशी, की कुणाच्या सांगण्यावरून लगेच फॉरमॅट मारू नका. फॉरमॅट कधीही करता येतं, पण केल्यावर मागे फिरता येत नाही.

आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत काहीतरी चालू आहे, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबा. विशेषतः रात्री अचानक वीज गेली असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर डिस्कची तपासणी चालू असू शकते. दिवा आपला आपणच लुकलुकत असेल तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हात टेकले आहेत, वाट बघण्यात अर्थ नाही. बंद करायची वेळ आलीच तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी अल्ट आणि प्रिंट स्क्रीन या दोन कळा धरून ठेवा आणि एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं आणि मशीन नीट रीस्टार्ट होतं. काही लॅपटॉपवर एफएन कळही सोबत धरावी लागते.

लोगोमागे काय दडलंय?

तो सुंदर लोगो आमच्या मते दुरुस्तीचा शत्रू आहे, कारण खरी माहिती त्याच्या मागे झाकलेली असते. लोगो दिसत असताना एस्केप दाबलं की बऱ्याचदा मागच्या ओळी दिसू लागतात. शेवटच्या चार-पाच ओळींचा फोटो काढा. "चालू होत नाही" एवढं लिहून पाठवण्यापेक्षा तो एक फोटो आम्हाला शंभर पट उपयोगी पडतो.

त्या ओळींमध्ये "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं लिहून पुढे सेकंद मोजले जात असतील आणि मर्यादा 1 मिनिट 30 सेकंद दिसत असेल, तर मशीन एखाद्या डिस्कची वाट बघतंय. एका अभ्यासिकेच्या संगणकाचं असंच झालं. दीड मिनिट थांबायचं आणि मग इमर्जन्सी मोड असं लिहून काळा स्क्रीन. समितीने नवीन संगणकाचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं. आम्ही जाऊन पाहिलं तर बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क जागेवर नव्हती. सचिवांनी ती सुरक्षित राहावी म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवली होती! डिस्क आणून जोडली आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चूक आमचीच होती. कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी एफस्टॅब नावाच्या फाइलमध्ये असते, आणि तिथे त्या डिस्कच्या ओळीत "नोफेल" हा शब्द टाकायचा आम्ही विसरलो होतो. तो असला की डिस्क नसतानाही मशीन पुढे जातं. तुमच्याकडे असा प्रकार दिसला तर नेहमी जोडलेली असणारी कोणती वस्तू आज जोडलेली नाही, ते आधी आठवा.

दीड मिनिट थांबून नंतर सगळं नीट सुरू होत असेल तर संशय स्वॅपवर, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर, घ्या. शेजारी दुसरं लिनक्स टाकून पाहिलंत का? त्याने स्वॅपचा भाग पुन्हा फॉरमॅट केला की त्याचा ओळख क्रमांक बदलतो, आणि जुनं लिनक्स जुनाच क्रमांक शोधत बसतं.

अपडेटनंतर बिघडलं असेल तर

चालू केल्या केल्या ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मेनू उघडा. नव्या मशीनवर कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा. जुन्या बायोसच्या (मशीन चालू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. एस्केप सारखं सारखं दाबलं तर "ग्रब" लिहिलेली नुसती रिकामी ओळ येते. काही बिघडलेलं नसतं, बंद करून पुन्हा करा. मेनूत "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडलं की आधीचा कर्नल दिसतो. त्यावर मशीन सुरू झालं तर रोजचं काम त्यावरच चालू ठेवा आणि आम्हाला सवडीने कळवा.

लोगोसुद्धा न येता स्क्रीन काळाच राहत असेल, त्यात एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर बहुधा ग्राफिक्सचं दुखणं आहे. त्याच मेनूत पहिल्या ओळीवर उभे राहून ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे क्वायट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतात. ते खोडून तिथे नोमोडसेट लिहा. स्पेलिंग एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही. मग एफ 10 दाबा. चित्र थोडं ओबडधोबड दिसेल, व्हिडिओ अडखळेल, पण आत जाता येईल. आत गेल्यावर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर टाका. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे काही चुकलं तरी पुढच्या वेळी मूळची ओळ परत येते.

"इनिट्रॅमएफएस" लिहून कर्सर लुकलुकत असेल तर

इनिट्रॅमएफएस ही मुख्य डिस्क जोडण्याआधीची लिनक्सची तात्पुरती पायरी. वीज गेल्यानंतर हा स्क्रीन कधी कधी दिसतो. तिथे एक्झिट टाइप करून एंटर दाबा. डिस्कच्या कोणत्या भागात गडबड आहे त्याचं नाव बहुधा समोर येतं. त्या भागावर एफएससीके ही तपासणी चालवली की बहुतेक मशीन उभी राहतात. आज्ञा आम्ही फोनवर अक्षर अक्षर सांगतो. मात्र डिस्कमधून टक टक आवाज येत असेल किंवा ओळींमध्ये "आय ओ एरर" सारखं सारखं दिसत असेल, तर काहीही चालवू नका. मशीन बंद करा आणि तसंच घेऊन या. मरणाऱ्या डिस्कवर तपासणी चालवणं म्हणजे फ्रॅक्चर झालेल्या पायाने धावणं.

पासवर्ड टाकल्यावर पुन्हा पासवर्डच मागत असेल तर जागा संपली आहे का ते बघा. कंट्रोल, अल्ट आणि एफ 3 एकदम दाबलं की लिहायचा साधा स्क्रीन येतो. तिथे लॉगिन करून आम्हाला फोन करा.

जुन्या मशीनची घड्याळाची वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर 2032, संपलेला असतो. त्याच्यामुळे बायोसमधल्या सेटिंग मूळपदावर जातात आणि कधी कधी लिनक्सची डिस्कच सापडेनाशी होते. सेल स्वस्त असतो, बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यापायी लोक चार-चार वेळा लिनक्स नव्याने टाकत बसतात.

मिंटमधला टाइमशिफ्ट आम्ही चालू करून देतो, तो बंद करू नका. तो सिस्टिम मागच्या तारखेला नेतो. तुमच्या घरचे फोटो आणि हिशेबाच्या फाइल तो जपत नाही, त्यांची वेगळी प्रत हवीच.

दुकानात येताना चार्जर आणा. मशीनला नेहमी लावत असलेला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क आणा, अभ्यासिकेची गोष्ट लक्षात असेलच. आणि पासवर्ड तोंडी सांगा. लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आम्ही काढून परत देतो.