शांतिसेनेचा 'प्रमुख' नेमका कोण? विशेष प्रतिनिधी आणि फोर्स कमांडर

'शांतिसेनेच्या प्रमुखाची उचलबांगडी' अशी बातमी आली की आधी विचारायचं, कुठल्या प्रमुखाची? संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या मिशनमध्ये आपली वर्तमानपत्रं ज्यांना सरसकट 'प्रमुख' म्हणून मोकळी होतात, अशी दोन माणसं असतात. एक सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी. हा मुलकी माणूस, बहुधा मुरलेला राजदूत किंवा माजी मंत्री, आणि मिशनचा खरा प्रमुख हाच. दुसरा फोर्स कमांडर. हा मेजर जनरल किंवा लेफ्टनंट जनरल, आणि त्याच्या हाती फक्त लष्करी घटक. मिशनमधले पोलीससुद्धा त्याच्या हाताखाली नसतात, त्यांचा कमिशनर वेगळा.

फोर्स कमांडर विशेष प्रतिनिधीला उत्तरदायी असतो. कुठल्या शहरात सैन्य हलवायचं, बंडखोरांशी बोलणी चालू असताना नाकाबंदी उठवायची का, हे राजकीय निर्णय वरून येतात. ते अमलात आणायला हेलिकॉप्टर लागलं, तर त्याचं वेळापत्रक, इंधन आणि कंत्राट बहुतांशी मिशन सपोर्टच्या संचालकाच्या अखत्यारीत, आणि तोही मुलकी. म्हणजे जखमी जवान रात्री उचलायचा असेल, तरी जनरलला नुसता हुकूम सोडून भागत नाही.

ही झाली वरची बाजू. खरी गोची खाली आहे, आणि तिथेच 'कमांड' आणि 'ऑपरेशनल कंट्रोल' या दोन शब्दांची गल्लत होते. सैनिक पाठवणारा देश आपल्या तुकडीची पूर्ण कमांड संयुक्त राष्ट्रांना कधीच देत नाही. पगार, बढती, शिस्त, खटला हे सगळं मायदेशाकडेच राहतं. फोर्स कमांडरला मिळतो तो ऑपरेशनल कंट्रोल: ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या कामासाठी तुकडी कुठे ठेवायची आणि काय करायची, एवढंच सांगण्याचा अधिकार. एखादी कंपनी तुकडीतून वेगळी काढून दुसरं काम द्यायचं असेल, तर तुकडीच्या कमांडरशी सल्लामसलत हवी. जवानाने हुकूम मोडला, तर फोर्स कमांडर त्याचं कोर्ट मार्शल करू शकत नाही. फार तर त्याला परत पाठवा, अशी शिफारस करतो.

शिवाय तुकडीच्या कमांडरकडे दोन फोन असतात म्हणा ना. एक मिशनच्या मुख्यालयाचा, दुसरा स्वतःच्या राजधानीचा. धोक्याचं काम आलं की दुसऱ्यावर आधी बोलणं होतं. काही देश 'आमचे जवान अमुक करणार नाहीत' अशी अट आधीच लेखी घालतात. ते परवडतं, कारण त्याप्रमाणे योजना आखता येते. न सांगितलेली अट ऐन गोळीबारात कळते, तेव्हा माणसं मरतात. शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या उच्चस्तरीय स्वतंत्र समितीने अशा न सांगितलेल्या अटी म्हणजे कायदेशीर हुकूम मोडणं समजा, असं सुचवलं ते यामुळेच.

दक्षिण सुदानची राजधानी जुबा, जुलै २०१६. सरकारी फौज आणि विरोधी फौज शहरातच भिडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य तळावर चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत यांचे मिळून १,८००हून अधिक पायदळ सैनिक होते. फोर्स कमांडरने चिनी बटालियनच्या कमांडरलाच घटनास्थळाचा कमांडर नेमलं. म्हणजे स्वतःची बटालियन लढवायची आणि बाकी तिघांवर हुकूमही चालवायचा. यासाठी वेगळा स्टाफ, वेगळं वायरलेस नेट लागतं. नाहीतर तो आपल्याच बटालियनच्या चिंतेत अडकतो आणि बाकीचे त्याला बरोबरीचा समजून वर विचारत बसतात. झालंही तसंच: चारही तुकड्यांना परस्परविरोधी हुकूम गेले. ११ जुलैला जेमतेम किलोमीटरभरावरच्या टेरेन नावाच्या निवासी आवारात सरकारी सैनिक घुसले, मदतकार्य करणाऱ्यांवर अत्याचार झाले. मदतीला जायला सांगितलं, तर तुकड्यांचं उत्तर एकच: आमची सगळी माणसं गुंतलेली आहेत.

निवृत्त डच जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशीने नेतृत्वाच्या अभावावर बोट ठेवलं. सरचिटणीस बान की-मून यांनी काढलं ते फोर्स कमांडर, केनियाचे लेफ्टनंट जनरल ओन्डिएकी यांना. पदावर येऊन त्यांना काही महिनेच झाले होते. चिडलेल्या केनियाने आपले सैनिकच काढून घेण्याचं जाहीर केलं. घटनास्थळाच्या कमांडरची ती नेमणूक चुकलीच होती, पण ज्यांनी जायला नकार दिला त्यांच्या कानाला धरण्याचा अधिकार त्या जनरलकडे नव्हता, हेही तितकंच खरं.

दोन प्रमुखांचं आपसात पटलं नाही की काय होतं, ते सिएरा लिओनमध्ये दिसलं. २००० साली तिथले फोर्स कमांडर भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली. त्यांनी मिशनमधल्या वरिष्ठ नायजेरियन मुलकी आणि लष्करी नेतृत्वावर, म्हणजे विशेष प्रतिनिधीवरही, गंभीर आरोप करणारं टिपण लिहिलं, ते फुटलं, नायजेरियाने आरोप फेटाळले. त्याच सप्टेंबरात भारताने सुमारे ३,००० जणांची तुकडी माघारी घेण्याचं जाहीर केलं. मिशनला तोफा, हेलिकॉप्टरं असलेली कसलेली फौज गमवावी लागली.

दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात, अशी मिशन्सही आहेत. गोलान टेकड्या आणि दक्षिण लेबनॉनमध्ये फोर्स कमांडरच मिशन प्रमुख. तिथे राजकारण थोडं आणि रेषा राखण्याचं काम जास्त, म्हणून ते जमतं. युगोस्लाव्हियात १९९२-९३मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार दोन्ही पदं सांभाळत होते. त्यांच्यानंतर पदं वेगळी झाली, आणि बोस्नियात नाटोची विमानं मागवण्याची संयुक्त राष्ट्रांकडची किल्ली, म्हणजे मंजुरीचा अधिकार, विशेष प्रतिनिधी यासुशी आकाशी यांच्याकडे गेली. विनंती जमिनीवरच्या बटालियनकडून सेक्टरचं मुख्यालय, साराजेव्होतलं बोस्नियाचं मुख्यालय, झाग्रेबमधलं मिशनचं मुख्यालय अशी चढत जायची. मात्र दिरंगाईचं खापर नुसतं मुलकी माणसावर फोडता येत नाही. १० जुलै १९९५च्या संध्याकाळी सर्ब फौजेने घेरलेल्या बोस्नियातल्या स्रेब्रेनिका शहरासाठीची विनंती लांबवली ती फोर्स कमांडर, फ्रेंच जनरल बर्नार जान्व्हिए यांनी. दुसऱ्या दिवशी शहर पडलं. २६ जुलैला विमानांची किल्ली आकाशींकडून काढली गेली आणि दिली गेली जान्व्हिए यांनाच.