गिरणीमालकाचा मुलगा आणि ग्योस्लची गाणी

कोनराड माउटनरचा जन्म १८८० चा, व्हिएन्नातला. वडील इसिडोर मोठे ज्यू गिरणीमालक. उन्हाळा लागला की घरच्यांचा मुक्काम ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, ग्रुंडल्झे तळ्याच्या टोकाला असलेल्या ग्योस्ल गावात. बाकीचे हवापालटाला यायचे. कोनराड मात्र गावातल्या पोरांत रमला, त्यांची बोली उचलली आणि गाणी वहीत उतरवू लागला.

तेव्हा गाणी जमवण्याची लाटच होती. योझेफ पोमरने १८९९ मध्ये लोकगीतांना वाहिलेलं मासिक काढलं. १९०४ मध्ये खुद्द ऑस्ट्रियाच्या शिक्षण खात्याने साम्राज्यातल्या निरनिराळ्या भाषांमधली लोकगीतं गोळा करायला घेतली. पोमर कट्टर जर्मन राष्ट्रवादी. सरकारी काम समित्यांचं. माउटनरचं प्रेम एका गावावर जडलेलं, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचं काम टिकलं.

१९१० चं ‘श्टायरिशेस रास्प्लवेर्क’ हे गाण्यांचं पुस्तक त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, चित्रं रंगवली आणि ते तसंच्या तसं छापून घेतलं. त्यात चार ओळींची चावट गाणी आहेत, सुरावटी आहेत, शिवाय रात्री मुलीच्या खिडकीखाली उभं राहून पोरं म्हणत ती लांबलचक यमकंही. तिथल्या ‘श्टायरर’ नाचात मध्येच फिरणं थांबतं, पुरुष गोल करून गातात आणि मग टाळ्या सुरू होतात. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने त्याच्या दोन टाळ्यांच्या मधोमध आपली टाळी हाणायची. याला ‘पाशन’ म्हणतात. जरा लक्ष ढळलं की घोळ! हे कागदावर उतरवायचं तर टाळ्या देणाऱ्यांत उभं राहावं लागतं.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आसपासच्या जुन्या गाण्यांचा मोठा संग्रह आला. नंतर त्याने पारंपरिक पोशाखांकडे मोर्चा वळवला, पण १९२४ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी तो गेला. ग्राझ शहरातले लोकसंस्कृतीचे अभ्यासक व्हिक्टर फॉन गेराम्ब यांनी ते काम पुरं करून १९३२ पासून भागाभागाने छापलं. पत्नी आनाने तिथल्या रिवाजाप्रमाणे लाकडी ठशांनी कापड छापायला घेतलं.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. त्याच वर्षी साल्झबुर्गच्या पोलिसांनी ज्यूंना आल्प्सचा पारंपरिक पोशाख घालायला बंदी केली: चामड्याची तोकडी विजार, बायकांचा डिर्न्डल झगा, सगळ्यालाच. कोनराडचा थोरला भाऊ श्टेफान १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारला गेला.