एनबीए फायनल्स: सात सामने आणि घरच्या मैदानाचा हिशेब

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका पहिल्या वर्षापासून सात सामन्यांचीच आहे. आधी चार जिंकेल तो विजेता. १९४७ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्सने शिकागो स्टॅग्जला ४-१ असं हरवलं, तेव्हा लीगचं नाव बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका होतं. १९४९ मध्ये प्रतिस्पर्धी नॅशनल बास्केटबॉल लीग तिच्यात विलीन झाली आणि एनबीए हे नाव आलं. वाद झाले ते कुठला सामना कुणाच्या शहरात व्हायचा यावरून.

पूर्व आणि पश्चिम विभागाचे विजेते समोरासमोर येतात. ८२ सामन्यांच्या नियमित हंगामात ज्याची कामगिरी सरस, त्याला सातपैकी चार सामने घरी मिळतात. रूढ क्रम २-२-१-१-१ असा: दोन त्याच्या घरी, दोन प्रतिस्पर्ध्याकडे, मग आलटून पालटून एकेक.

१९८४ मध्ये बॉस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. दोन्ही शहरांत चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि खेळाडू साध्या प्रवासी विमानांनी ये-जा करत होते. पाचवा सामना बॉस्टन गार्डनमध्ये झाला. एसी नाही, आत ३६ अंशांच्या आसपास उकाडा. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून बसला होता. त्याच उकाड्यात सेल्टिक्सच्या लॅरी बर्डने २० पैकी १५ फटके बास्केटमध्ये टाकत ३४ गुण केले. सेल्टिक्सचे सर्वेसर्वा रेड ऑरबाक यांनी या दगदगीची तक्रार लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांच्याकडे केली आणि १९८५ पासून क्रम २-३-२ झाला.

प्रवास वाचला, पण माझ्या मते न्याय गेला. मालिका २-२ अशी बरोबरीत असताना पाचवा, कळीचा सामना सरस संघाला परक्या मैदानावर खेळावा लागे. २००४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने लॉस एंजेलिसमध्ये एक सामना जिंकला, मग घरचे तिन्ही जिंकून मालिका तिथेच संपवली. सहावा आणि सातवा सामना लेकर्सच्या घरी व्हायचा होता. त्यांची वेळच आली नाही. डेट्रॉइट त्या वर्षी निर्विवाद चांगलं खेळलं, तरी हंगामभर कमावलेला हक्क असा कागदावरच राहणं मला पटत नाही.

संघ खास विमानांनी फिरू लागल्यावर जुन्या सबबीत दम राहिला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये संघमालकांनी एकमताने बदल मंजूर केला आणि २०१४ पासून २-२-१-१-१ परतलं.

२०१६ मध्ये या क्रमाचा कस लागला. हंगामात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट संघ क्लीव्हलंडविरुद्ध ३-१ असा पुढे होता आणि पाचवा सामना त्याच्याच घरी, ओकलंडमध्ये होता. त्याचा खेळाडू ड्रेमंड ग्रीन मात्र निलंबित. लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग यांनी प्रत्येकी ४१ गुण करून क्लीव्हलंडला तगवलं. सहावा त्यांनी घरी जिंकला आणि सातवा पुन्हा ओकलंडमध्ये, ९३-८९. अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून तोवर कुणीच जिंकलं नव्हतं.